आईच्या घराखालची माती

३ मार्च

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता मुद्दाम टाइप करून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर पुढचंही वाच. माफीबिफी मागायला लिहीत नाहीये, आणि मला तुझ्याकडून काही नकोय. म्हणजे एक गोष्ट हवीय, पण तिचा आपल्या भांडणाशी संबंध नाही.

आईच्या स्वयंपाकघराचं दार लागत नाही. आधी नुसतं घासायचं, आता चौकटीत अडकून बसतं. आई म्हणते लाकूड फुगलंय. हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटतायत, आणि हिच्या दाराचं लाकूड तेवढं फुगतंय! मागच्या बाजूला, जिन्याच्या भिंतीत, एक तिरकी भेग आलीय. तिच्यावर मी काचेची पट्टी चिकटवली होती, आपण नेहमी चिकटवतो तशी. भिंत हलली की काच तडकते. आज सकाळी बघते तर पट्टीचे दोन तुकडे. आईने ते उचलून केरात टाकले आणि मलाच झापलं, "अगं, कुणाच्या पायात गेली असती म्हणजे?"

शेजारच्या प्लॉटवरचा तीन तळघरांचा खड्डा तुझ्या कंपनीच्या डिझाइनप्रमाणे खणतायत, हे मी तुला काय सांगणार, रिपोर्टवर सही तुझीच आहे. खड्डा कोरडा राहावा म्हणून पंप सतत चालू. खड्ड्यातलं पाणी ओढता ओढता आपल्या घराखालचंही ओढलं जातंय. पाणी गेलं की चिकणमाती दबते आणि वरचं घर खाली बसतं. किती बसेल, एवढाच प्रश्न. तुझं कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणतं अठरा मिलिमीटर, सगळीकडे सारखं, घराला धोका नाही. मी काल लेव्हल लावून मोजलं. पुढचा भाग नऊ मिलिमीटर बसलाय, मागचा एकवीस, आणि खड्डा अजून अर्धाही झालेला नाही. सगळं घर सारखं बसलं तर बसू दे, कुणाला कळणारही नाही. एक बाजू बसली आणि दुसरी राहिली की घर मोडतं.

तुझं मॉडेल चुकलं असं मी म्हणत नाही. बरं, म्हणतेय. त्यात मातीचे आकडे कुठून आणून घातलेस तेवढं कळव. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलायस. तुमच्या ऑफिसला मेल केला तर "आपला संदेश संबंधित विभागाकडे पाठवला आहे" असं गोड उत्तर आलं. नगर कार्यालयात गेले. तिथला साहेब म्हणतो, सही करणारा इंजिनिअर स्वतः सांगत नाही तोवर काम थांबवता येणार नाही. आणि घर तुमच्याच आईचं, माती तपासणारी लॅबही तुमचीच, मग तुमचा निकाल आम्ही कसा धरायचा? म्हणजे सगळं येऊन तुझ्यापाशी अडलंय.

तळमजल्यावर आई, पहिल्या मजल्यावर चष्मेवाले, त्यांच्या वर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई. माणसं राहतात तिथे, दादा. लवकर कळव.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

उत्तर नाही. कुरियरवाला म्हणतो पाकीट पोचलं, सही करून घेतलं. सही तुझीच आहे, ती शेपटीसारखी लांब ओढलेली. रिपोर्टवर आहे तशीच.

रविवारी तू आईला फोन केलास. मी मागच्या खोलीत होते. तिथे काय करत होते ते विचारू नकोस. आता लिहिलंच आहे तर सांगते, आठवडाभर मी तिच्याकडेच झोपायला जाते. माझ्या घरी रंगकाम चालू आहे असं तिला सांगितलंय. तिने विचारलं कुठला रंग, मी पांढरा म्हटलं, आणि तिने माझ्या हातांकडे बघितलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या बाईला थापा मारणं सोपं नाही.

फोनवर तू तिला माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस. तिनेही सांगितलं नाही. ही चांगलीच पद्धत पडलीय आपल्या घरात. तुझी खबर मला तिच्याकडून, माझी तुला तिच्याकडून, आणि मधल्या मधे ती बिचारी एक्स्चेंजमध्ये बसल्यासारखी तारा जोडतेय.

सोसायटीकडून तुझ्या रिपोर्टची प्रत मिळवली. रंगीत चित्रं झकास आहेत, लाल, पिवळा, निळा, कुणालाही वाटावं या माणसाने जमिनीत डोकं घालून बघितलंय. मग मागची पानं उलटली. लिक्विड लिमिट ५१. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या मातीत एकावन्न ग्रॅम पाणी मिसळलं की ती वाहायला लागते. ठीक, साधी चिकणमाती. पण माती दाबल्यावर किती बसते ते बघायची टेस्ट कुठाय? शोधून शोधून डोळे दुखले. शेवटी एक ओळ सापडली, "वेळेअभावी केलेली नाही." म्हणजे त्या एका एकावन्नवरून, तयार सूत्रात टाकून, तू ठरवलंस की आईचं घर अठरा मिलिमीटर बसेल! बाबांनी तुला असं करताना पाहिलं असतं तर स्टूल फेकून मारलं असतं.

बाबांचं नाव काढलं की तू चिडतोस, माहितीय. सहा वर्षांपूर्वी तू बाबांची लॅब सोडलीस त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, ही लॅब नाही, म्युझियम आहे. मी म्हटलं, तुझं मॉडेल म्हणजे रंगवलेली थाप आहे. ते वाक्य मी परत घेत नाही. आवाज जरा खालच्या पट्टीत लावता आला असता, एवढंच.

काल जिन्याखाली सगळ्यांची मीटिंग घेतली. मी भेग दाखवली, आकडे सांगितले, काही दिवस दुसरीकडे राहायला जा म्हटलं. चष्मेवाल्यांनी आईकडे बघितलं. "काकू, तुम्ही काय करणार?" आई म्हणाली, "मी इथेच आहे. माझ्या मुलाने तपासलंय." झालं! आईच राहतेय म्हटल्यावर बाकीचे कशाला हलतायत? व्हायोलिनवाल्या बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भावाबहिणीचं काही असेल तर घरात मिटवा हो." मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आता नीट ऐक. ती माझ्या सांगण्यावरून निघणार नाही. ती निघाली नाही तर कुणी निघणार नाही. तिला फक्त तू काढू शकतोस.

मी वाट बघतेय.


१४ मार्च

दादा,

बाबांच्या वेळचे बोअरवाले काका आले होते. त्यांनी आईच्या मागच्या अंगणात ट्यूब दाबून, मातीचं अख्खं नळकांडं काढून दिलं, दोन्ही टोकांना मेण लावून. पैसे घ्यायला तयार होईनात. "तुझा भाऊ काय म्हणतो?" विचारत होते. मी म्हटलं, कामात आहे.

माती बाहेर काढली आणि सगळ्या लॅबमध्ये कुजक्या पानांचा वास सुटला. काळपट राखाडी, लोण्यासारखी मऊ. हाताने मोडली तर आत वाळूचे केसाएवढे बारीक थर. म्हणजे पाणी निघायला आयते रस्ते. घर सावकाश बसेल, तोवर काहीतरी करता येईल, अशी जी मी मनाची समजूत घातली होती ती गेली. मागच्या अंगणात कधीकाळी तळं असणार, त्यात पाला कुजत पडलेला. पुढच्या बाजूला ही माती नावाला, मागे चांगली जाड. म्हणूनच मागचं जास्त बसतंय.

हिचं लिक्विड लिमिट ५१ कसं येईल? शक्यच नाही. मी कप घेऊन बसले. माती थापायची, मधून चर पाडायची, दांडा फिरवत कप आपटायचा, चर मिटेपर्यंत मोजत राहायचं. तुला हे काम कधी आवडलं नाही, मला मात्र त्या टकटकीने बरं वाटतं. आकडा आला ८४.

मग मी म्हटलं, बघू तरी. त्याच मातीचा दुसरा गोळा ओव्हनमध्ये ठेवला, खडखडीत वाळवला, खलात कुटला, पाणी घालून परत कालवला आणि तीच टेस्ट परत केली. आकडा आला ५०.

कळलं का काय झालंय ते? तुझ्या कंपनीने माती तपासायला दिली त्या लॅबने घाईत एका ट्रेमध्ये दोन कामं उरकली. ओलावा मोजण्यासाठी माती ओव्हनमध्ये वाळवावीच लागते. ती वाळलेलीच माती त्यांनी कुटून लिक्विड लिमिटला वापरली. साध्या मातीला एक वेळ चालून जातं. कुजलेल्या पाल्याची माती मात्र एकदा भाजली की परत कितीही पाणी पाजा, ती पहिल्यासारखी होत नाही. तू ज्या मातीवर मॉडेल चालवलंस ती आईच्या घराखाली नाहीच, ती त्यांच्या ट्रेमध्ये होती. आणि तू तो आकडा उचललास, एकदाही न विचारता की बाबांनो, माती कशी तयार केली? आपण शाळेत असल्यापासून बाबांच्या लॅबमध्ये हे ऐकत आलोय रे!

एक खरं लिहिते. दुसरा आकडा आल्यावर मला आधी आनंद झाला. सापडला, सापडला, असं स्वतःशीच ओरडले. तुझी चूक इतकी स्वच्छ हातात आली म्हणून मी टेबलाभोवती एक चक्करसुद्धा मारली. मग त्याच टेबलाला धरून खाली बसले, कारण ही माती आपल्या आईच्या घराखालची आहे. मला भीती वाटतेय, दादा. तुला लिहिताना मी टोमणे मारते, पण इथे माझी अन्नावरची वासनाच उडालीय.

माती किती दबते ती टेस्ट लावलीय. रोज वजन दुप्पट करायचं आणि वाट बघायची. घाई करता येत नाही, नाहीतर मीही त्या ट्रेवाल्यांच्याच रांगेत.


१८ मार्च

दादा,

अजून काही नाही? एक ओळ? "पत्र मिळालं" एवढंही?

मला धड बसवत नाही. लॅबमध्ये त्या टेस्टच्या डायलचा काटा बघायला जाते, परत येते, पाच मिनिटांत परत जाते. काटा काही माझ्याकडे बघून धावणार नाही, तरी जाते. मग खड्ड्याभोवतीच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहते. साइटवरचा इंजिनिअर आता मला ओळखतो. "मॅडम, आज काय म्हणतंय तुमचं घर?" असं हसत विचारतो. वाईट माणूस नाही, त्याच्या हातात तुझा कागद आहे आणि कागदात लिहिलंय सगळं ठीक. आज मागची बाजू छत्तीस मिलिमीटर. पुढची तेरा.

काल मी एक गोष्ट केली. तुला न विचारता तुझं नाव वापरलं. आईला सांगितलं, दादाचा मला फोन आला होता, तो म्हणाला, आईला म्हणावं घरातून निघ. आई भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "कधी आला?"

"दुपारी."

"तो मला 'निघ' म्हणाला?"

"हो."

"तो असं म्हणणार नाही. तो आधी अर्धा तास इकडचं तिकडचं बोलेल, मग खाकरेल, आणि म्हणेल, 'आई, तुला काही दिवस बदल हवाय का गं?'" मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुला फोन केला असता ना, तर तू मला हे असं कोरडं सांगितलं नसतंस. नाचत आली असतीस."

मी आत जाऊन पलंगावर पडून राहिले. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. म्हणाली, "रंग वाळला का गं तुझ्या घरचा?"

तुझ्या नावाने आणखी थापा मारायला लावू नकोस मला.


२४ मार्च

दादा,

टेस्ट संपली. सोबत सगळी रिडिंग्ज जोडली आहेत, वजनागणिक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आलेख स्वतः काढ. तू सूत्रावरून धरलंस त्याच्या जवळजवळ अडीच पट ही माती दबते.

आता मी तुला विनंती करतेय. मॉडेल मला चालवता येत नाही. शिकले असते तर आज तुझ्या दारात उभं राहावं लागलं नसतं, हेही खरं. हातानं हिशोब केला तर मागची बाजू सत्तरच्या आसपास जाते, पण तो हिशोब एकाच जागेपुरता, सरळ वरून खाली. भिंत कुठे आधी तुटेल, जिना तग धरेल का, पंप बंद केला तर किती वाचेल, हे माझ्या कागदावर येत नाही. तुझ्या मॉडेलवर येतं. म्हणजे मला ते लागतं. घे, लिहून दिलं.

हे आकडे घाल, मागच्या बाजूला मातीची जाडी वाढव, आणि चालव. अठराच आलं तर मला हवं ते बोल, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पण चालव.

तुझं काय जाईल ते मला कळत नाही असं समजू नकोस. सही मागे घ्यायची म्हणजे कंपनी तुला पुढे करून मोकळी होणार. चौकशी, कदाचित नोकरीही. तुझ्या जागी मी असते तर मी काय केलं असतं? पत्र ड्रॉवरमध्ये टाकून एकदा तरी विचार केला असता, की बहीण जुनी खुन्नस काढतेय. तसं वाटत असेल तर वाटू दे. पण रिडिंग्जमध्ये खुन्नस नाही. डायलच्या काट्याला तू माझा भाऊ आहेस हे ठाऊक नाही.

जिन्याची भिंत आता नुसत्या डोळ्यांनी वाकलेली दिसते. चष्मेवाल्यांची मुलगी त्या जिन्यावर बसून बुटाच्या लेस बांधते, आणि मी तिला रोज उठवते, आणि तिची आई माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघते.

दादा, बोल काहीतरी. माझ्याशी नको, आईशी बोल.


३० मार्च

दादा,

परवा फोनवर जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही, म्हणून लिहितेय. तू काय ऐकलंस ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, तेही सांगते.

रविवार नसताना फोन वाजला तेव्हाच आईने माझ्याकडे बघितलं. उचलला, "बोल रे" म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. तू खरंच इकडचं तिकडचं बोललास का? मग तिने रिसीव्हर हाताने झाकून मला सांगितलं, "सगळ्यांना खाली बोलव. त्याला सगळ्यांशी बोलायचंय." चष्मेवाले दुकानातून आले, गळ्यात डोळे तपासायची फ्रेम तशीच लटकलेली. बाई शिकवणी मधेच सोडून आल्या. आईने स्पीकर लावला.

तू म्हणालास, "मी या रिपोर्टवर सही करणारा. माझा आकडा चुकला. मी चुकीच्या मातीवर हिशोब केला. तुम्ही आजच घर सोडा, जिना शक्य तितका कमी वापरा. मी कंपनीला आणि नगर कार्यालयाला लेखी कळवलंय, पंप आज बंद होतील." आवाज सरळ होता तुझा. "माझ्या बहिणीने सांगितलं होतं ते बरोबर होतं," असंही म्हणालास. ते म्हणायची गरज नव्हती.

मग आई म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलंस," आणि उठून पलंगाखालून बॅग ओढली. भरलेली! कपडे, औषधं, घराची कागदपत्रं, बाबांचा फोटो, सगळं. मी विचारलं, "ही कधी भरलीस?"

"ती काच तडकली त्या दिवशी."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या माणसांसमोर ओरडले तिच्यावर. तुला ठाऊक होतं? तुला ठाऊक होतं आणि तू बसून राहिलीस? माझी झोप उडाली, लोक मला वेडी म्हणायला लागले, आणि तू बॅग भरून पलंगावर बसलीस?

तिने ओरडू दिलं. मग म्हणाली, "मी आधी निघाले असते तर तो चुकला असं सगळ्यात आधी त्याच्या आईने म्हटलं असतं. ते त्याचं त्याने म्हणायला हवं होतं. मग त्याला तोंड दाखवायला जागा राहते."

तू हे ऐकलंस का? फोन चालूच होता.

मी तिला म्हटलं, आणि वरची माणसं? त्यांचं काय? चष्मेवाल्यांचे वडील, अंथरुणाला खिळलेले? चष्मेवाले मधेच म्हणाले, वडील बहिणीकडे आहेत, पंधरवडा झाला. हवापालट म्हणून आईनेच पाठवलं होतं त्यांना, ते मला तेव्हा कळलं. जिन्यावर बसणाऱ्या पोरीला आईने आपल्या पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायची सवय लावली होती, तेही तेव्हाच कळलं. तरी माझा राग गेलेला नाही. तुझ्यासाठी तिने सगळं घर टांगणीला लावलं, दादा. उद्या काही झालं असतं तर मी तिला माफ केलं नसतं, आणि तुलाही.

मग तू विचारलंस, "ती आहे का तिथे?" आईने रिसीव्हर माझ्याकडे दिला.

सहा वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर "शेवटच्या वजनाला रिडिंग किती आलं होतं? तुझा सात आहे की एक, कळत नाही." मी म्हटलं सात. तू म्हणालास बरं. आणि फोन ठेवलास.

त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुझा आवाज बाबांसारखा झालाय. मला विचारायचं होतं तू जेवतोस का नीट, तिकडे कुणी आहे का तुझं, खोकला अजून होतो का. आणि मी म्हटलं सात.

आई माझ्याकडे आहे. आल्या आल्या भिंती बघून म्हणाली, "रंग छान पिवळा दिलाय."


८ एप्रिल

दादा,

मंगळवारी सकाळी जिन्याची भिंत पडली. मागची स्वयंपाकघरं घेऊन गेली. पुढचा भाग उभा आहे. आत कुणी नव्हतं. एवढं पहिल्यांदा लिहिते, म्हणजे तू पुढचं वाचशील.

तुझ्या मॉडेलने नेमकी तीच भिंत दाखवली होती, असं नगर कार्यालयातले साहेब म्हणाले. तुझं चित्र त्यांच्या टेबलावर होतं, लाल डाग बरोबर जिन्यावर. पंप थांबले म्हणून पुढचं वाचलं, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते चित्र बराच वेळ बघितलं. मी त्याला रंगवलेली थाप म्हणायचे. या वेळी तसं म्हणता आलं नाही.

तुझं पत्र काल मिळालं. दोन ओळी. कामावरून दूर केलंय, चौकशी चालू आहे, आणि "मी तिकडे येत नाही. त्या लोकांना कुठल्या तोंडाने भेटू?" पहिल्या ओळीचं मला फार वाईट वाटलं. दुसरीचा संताप आला.

लोक बोलतायत, खोटं कशाला सांगू? काल संध्याकाळी चष्मेवाले माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि तुझ्या नावाने जे सुरू केलं, ते पाच मिनिटं श्वास न घेता. त्यांचं घर गेलंय. बायकोचं माहेरचं कपाट अजून ढिगाऱ्यात आहे. सही करताना झोपला होतास का, इथपासून ते तुझ्या सात पिढ्यांपर्यंत, म्हणजे माझ्याही, सगळं झालं. मी मधे पडायला गेले तर आईने मला हाताने मागे सारलं. त्यांचं बोलून होईपर्यंत उभी राहिली. मग खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बोला. अजून असेल तर अजून बोला. तुम्ही बोलायला आहात, तुमची लेक आहे, वडील आहेत. तो आला की त्याच्यासमोर परत बोला, मी त्याला उठू देणार नाही."

ते बसले, पाणी प्यायले आणि रडायला लागले. जाताना दारात थांबून मला म्हणाले, "पण फोन केला त्याने. ते मात्र केलं."

म्हणून सांगते, ये. ऐकून घ्यावं लागेल आणि ते सोपं नसेल. आई शेजारी बसलेली असेल, मीही असेन. चौकशीत ती ट्रेची भानगड समजावून सांगायला तुला माणूस लागेल, आणि ती माझ्याइतकी कुणाला कळलेली नाही. आणि ते जाऊ दे सगळं. मला तू इथे हवा आहेस. मला माझा भाऊ हवा आहे.

कधी येतोस ते आईला सांगू नकोस. मला फोन कर.